डाव्या हाताची गाठ

९ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून मिळवला. तिला रागावू नकोस. ती आधी स्पष्ट नाही म्हणाली होती. मी तिच्या दारात इतका वेळ उभी राहिले की शेजारी डोकावायला लागले, तेव्हा तिने एका चिठ्ठीवर खरडून दिला. दोन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, त्याबद्दल हे पत्र नाही.

आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी उजवा, तो स्थिरावला की डावा. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "एवढा पिकेपर्यंत थांबलात कशाला, आजी?"

"पिकल्याशिवाय उतरवत नाहीत असं ऐकलं होतं," आजी म्हणाली.

ते हसले. काम काय करता, म्हणून विचारलं. आजीने ताठ बसून सांगितलं, "रंगारी आहे मी. सूत, लोकर रंगवते. गिऱ्हाइकाने बोटभर चिंधी आणली तरी हुबेहूब त्या रंगाची लड करून देते. चाळीस वर्षं झाली." डॉक्टरांचं हसू थांबलं. ते माझ्याकडे बघू लागले. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत बसले.

कारखाना ठीक चालला आहे. तुझ्या वेळी होतं तसंच सगळं. चार टाक्या, वर लडी वाळवायची गच्ची. टाकीवाले मामा अजून कोणाला ढवळायच्या काठीला हात लावू देत नाहीत. गच्चीवरच्या मावशींची जीभ तेवढीच धारदार. आजी रोज सकाळी उत्तरेच्या खिडकीत बसून प्रत्येक लड नमुन्याशी ताडून बघते आणि पसंत पडली की डाव्या हाताने पांढऱ्या धाग्याची गाठ मारते. तिच्या गाठीशिवाय एकही लड बाहेर जात नाही.

तू गेलीस तेव्हा जे झालं, त्यात तू जरा घाई केलीस असं मला वाटतं. रंग मोजायचं यंत्र तू चांगल्या हेतूनेच आणलंस. पण सगळ्यांसमोर आजीची परीक्षा घ्यायला नको होती. ती जिंकली आणि तू हरलीस. हरलेल्या माणसाने थोडं थांबायचं असतं.

असो. ऑपरेशनला आलीस तर तिला बरं वाटेल.

आई

२८ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुझं उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. (हे वाक्य खरं नाही. रोज अकराच्या सुमाराला मी जिना उतरून टपालपेटी उघडते. खोडत नाही, राहू दे.)

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी काढली तेव्हा आजीने आधी चारी भिंती न्याहाळल्या. मग म्हणाली, "भिंतींना रंग कधी दिला यांनी?" मी म्हटलं, कालचीच खोली आहे. तिने स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले. मग माझं तोंड हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं. "अगं बाई! तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तुझ्या डोळ्यांदेखतच झाले," मी म्हणाले.

"डोळ्यांदेखत झालीस तर मला दिसायला नको होतं?"

सगळा वॉर्ड हसला. नर्स गोळ्या द्यायला आली. तिच्या अंगात निळा कोट होता. आजीने तिची बाही चिमटीत धरली आणि सोडेचना. "निळा असा असतो होय?" अगदी हळू म्हणाली. "मी विसरलेच होते गं."

नर्सला वाटलं, म्हातारी भावुक झाली आहे. मी आजीची बोटं बाहीवरून सोडवली.

घरी आल्यापासून तिचा एकच धोशा आहे, मला कारखान्यात ने. मी सांगितलं, वाफ आणि धूळ चालत नाही, तीन आठवडे थांबायचं. डॉक्टरांनी दहाच दिवस सांगितले होते. मावशी परवा घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, "काय म्हातारे, आता आमचे पांढरे केसबिस मोजत बसणार वाटतं!" आजी म्हणाली, "तुझे केस मोजायला एका डोळ्याने भागेल."

तू मला विचारलं नाहीस, पण सांगते. मला सध्या झोप लागत नाही.

आई

१३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

आज आजी कारखान्यात गेली. मी थांबवू शकले नाही. मी आंघोळीला गेले असताना ती रिक्षा करून निघून गेली.

मी पोचले तेव्हा ती खिडकीतल्या खुर्चीत होती. तिच्या मांडीवर एक निळी लड होती. गेल्या महिन्यात ऑपरेशनच्या आदल्या सकाळी तिने रंगवून, पसंत करून, गाठ मारून ठेवलेली. त्या दुपारी मी दवाखान्याच्या धावपळीत होते. ती लड तशीच खुंटीवर राहिली होती.

आजीने उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि डाव्याने, म्हणजे जुन्या डोळ्याने, लड आणि नमुना पाहिला. मग हात बदलला. डावा झाकला आणि नव्या डोळ्याने पाहिलं. मग पुन्हा उजवा झाकला. पुन्हा डावा. मामा टाकीजवळ काठी धरून उभे होते, ढवळायचं विसरून. मी दारात. किती वेळा तिने हात बदलला, मोजलं नाही. शेवटी ती लड तिने पदराखाली झाकली, जशी एखादी बाई कोणी आलं म्हणून काहीतरी झाकते.

मग म्हणाली, "नमुन्यांचं कपाट उघडा."

आपण पाठवलेल्या प्रत्येक लडीतला एक धागा पुठ्ठ्यावर लावून ठेवतो ना, गाठीसकट, ते पुठ्ठे. मामांनी माझ्याकडे पाहिलं. आजी म्हणाली, "तिच्याकडे काय बघता? किल्ली माझी आहे."

दुपारभर ती एकेक पुठ्ठा बघत होती. जेवली नाही. रंग सगळे बरोबर होते, भिंगरी. एकूण एक. तीच तर अडचण होती. ज्या डोळ्याला निळं आणि काळं एक दिसत होतं, जांभळं आणि तपकिरी एक दिसत होतं, त्या डोळ्याने एवढी वर्षं एकही चूक केली नव्हती.

पाचच्या सुमाराला तिने एक पुठ्ठा उजेडात तिरका धरला आणि रंग सोडून गाठ बघायला लागली.

उद्या लिहिते. आज हात चालत नाही.

आई

१४ फेब्रुवारी

भिंगरी,

हे पत्र मी दोनदा फाडलं. आधी मी ते असं लिहिलं होतं की वाचणाऱ्याला माझी कीव यावी. म्हणून फाडलं.

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी आजीने फिकट जांभळी लोकर रंगवली आणि गाठ मारली. लोकर तपकिरी झाली होती. ती जेवायला आणि पडायला एक वाजता घरी जाते, चारला परत येते, हे तुला माहीत आहे. मी मधल्या तीन तासांत त्या लडीचा रंग उतरवून ती परत रंगवली, गरम हवेच्या कपाटात वाळवली आणि तिच्यासारखीच गाठ मारली. माझा उजवा हात. तिची गाठ डाव्या हाताची, उलट्या बाजूने पडणारी. मी चुलीजवळ बसून वीस वेळा डाव्या हाताने मारून पाहिली तेव्हा जमली. ठरवलं, उद्या आजीला सांगू. उद्या दुसरी लड आली.

रोज नाही. पिवळं, तांबडं, हिरवं तिला नीट दिसायचं. पण निळ्याजांभळ्या घराण्यातलं जे जे तिच्या हातून गेलं, ते अकरा वर्षं मी दुपारी दुरुस्त करत होते. मामांना ठाऊक होतं. त्यांनी कधी विचारलं नाही, फक्त एक वाजला की न सांगता छोटी टाकी तापत ठेवायचे. आणि दुपारचं सामान पोचवायला मी नेहमी तुलाच का पाठवत होते, ते आता तुझ्या लक्षात येईल.

तू कॉलेज संपवून कारखान्यात आलीस आणि दुसऱ्याच महिन्यात मला म्हणालीस, "आई, टाकीतून निघते तेव्हा लड चुकलेली असते. गिऱ्हाइकाकडे जाते तेव्हा बरोबर असते. हे कसं?" तू दोन्ही वेळा मोजलं होतंस. वहीत आकडे होते. मी वही पाहिली आणि म्हणाले, "वाळल्यावर रंग बदलतो. तुला अजून अनुभव नाही." तू म्हणालीस, "एवढा?" मी म्हणाले, "नजर तयार व्हायला वर्षं जातात. पुस्तकातून येत नाही ती." तुझ्या नजरेत काही दोष नव्हता. तू दोनच महिन्यांत जे पाहिलंस, ते मी वर्षानुवर्षं लपवत आले होते.

मग परीक्षा. त्या दिवशी आजीने निळसर करड्या रंगाची लड रंगवली, गाठ मारली आणि घरी गेली. तू ती दुसऱ्या दिवशी दहा वाजता सगळ्यांसमोर यंत्राखाली धरणार होतीस. तुला मी पार्सलं घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. मावशी जेवायला बसल्या होत्या. मी गच्चीवरच्या दोरीवरून आजीची लड काढली आणि माझी टांगली. माझी मी आदल्या दिवशीच घरच्या पातेल्यात करून ठेवली होती. आदल्या दिवशीच, हे मुद्दाम लिहिते. म्हणजे घाईगडबडीत सुचलं असं म्हणायला मला जागा राहणार नाही.

सकाळचं तुला आठवतंय. तू यंत्र तीन वेळा लावलंस. काच पुसलीस. परत लावलंस. फरकाचा आकडा जवळजवळ शून्य. आजी म्हणाली, "यंत्राला चहा पाजा रे कोणीतरी, दमलं असेल बिचारं!" मावशी म्हणाल्या, "यंत्रताई, तुमच्याच डोळ्यांत तेल घाला." सगळे हसले. मामा हसले नाहीत. मी हसले.

तू वही मिटलीस आणि म्हणालीस, "म्हणजे मलाच दिसत नाही." भांडून नव्हे. एखादी बातमी कळावी तसं.

मी रोज डायरी लिहिते, तुला माहीत आहे. तू लहानपणी त्यावरून मला चिडवायचीस की आई स्वतःलाच पत्रं पाठवते. त्या दिवसाचं पान आज काढलं. त्यावर एवढंच आहे: "हवा कोरडी. लडी लवकर वाळल्या." जी डायरी कोणी वाचणार नव्हतं, तिच्यातही मी खोटं बोलले.

तुझ्या मैत्रिणीने मला आणखी एक सांगितलं होतं, ते मी पहिल्या पत्रात गिळलं. रंगांच्या प्रयोगशाळेत तुला बोलावलं होतं. तू गेली नाहीस. तिला म्हणालीस, माझ्या नजरेवर माझाच भरवसा नाही. आता तू पार्सलच्या कचेरीत चिठ्ठ्या चिकटवतेस.

मी हे आजीसाठी केलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. म्हातारीचं आयुष्य त्या खिडकीत आहे, ती कशी काढून घ्यायची? हे खोटं नाही. पण पुरतंही नाही. त्या तीन तासांत कारखाना माझा असायचा. आजीपेक्षा अचूक हात माझा आहे, हे फक्त मला आणि मामांना माहीत होतं आणि मला तेवढं पुरत होतं; नाही, पुरत नव्हतं, पण दुसरं काही नव्हतं. तुझं यंत्र आलं असतं तर आजीची चूक तर उघडी पडलीच असती, पण माझ्या दुपारीही गेल्या असत्या. मी आजीला वाचवायला तुला बुडवलं, असं मी कोणाला सांगितलं तर माझ्या बाजूने थोडं तरी बोलता येईल. मी स्वतःला वाचवायला तुला बुडवलं.

माफ कर असं लिहिलं होतं. खोडलं. ते मागायची ही जागा नाही.

आई

२० फेब्रुवारी

भिंगरी,

आजीने त्या संध्याकाळी काही विचारलं नाही. पाच दिवस विचारलं नाही. मग काल सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "परीक्षेच्या दिवशी दोरीवर होती ती लड कोणाची?"

मी म्हणाले, "तुझी."

हो. तुला ते पत्र लिहून टाकल्यावरही. पाचच दिवस झाले होते. तोंडातून आपोआप आलं, जीभच तशी वळलेली आहे.

आजीने कमरेच्या पिशवीतून पुठ्ठा काढला. "माझ्या गाठीचं टोक आत जातं. हिचं बाहेर राहिलंय. अकरा वर्षं मारतेयस, आणि टोक आत घालायला नाही शिकलीस?"

"आई, मी तुला..."

"माझ्यासाठी केलंस असं म्हणू नको. आंधळी होते, मूर्ख नव्हते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला शंका होती गं. नमुन्याच्या चिंध्या मला सारख्याच दिसायला लागल्या होत्या. एकसुद्धा लड परत येत नाही, म्हणून म्हटलं, नाही, आपलं बरं चाललंय. तू एकदा म्हणाली असतीस, आई, उठ. मी त्या दिवशी उठले असते. आणि त्या खुर्चीत दुसऱ्या कोणाला बसवणार होते? तुलाच ना?"

मी पुठ्ठ्यावरच्या गाठीचं टोक नखाने आत सारायला लागले.

"अकरा वर्षं तुझी होती ती खुर्ची," आजी म्हणाली. "तू चोरून बसलीस."

संध्याकाळी तिने कपडे बांधले आणि कारखान्यामागच्या खोलीत राहायला गेली. मामांनी तिथे पलंग टाकून दिला. मावशींना सगळं कळलं तेव्हा त्यांनी मला ऐकवलं, "आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, असं ऐकलं होतं. इथे तर कुत्रंच दळत होतं, बाई." मग त्या रडायला लागल्या, कारण तुला यंत्रताई त्यांनीच म्हटलं होतं.

आज आजीने मला बोलावलं आणि कागद समोर ठेवला. तिचं अक्षर आता थरथरतं. म्हणाली, "मी सांगते, तू लिही. एक शब्द इकडचा तिकडे केलास तर मला कळेल. आता मला वाचता येतं." खालचं तिचं आहे.

"भिंगरे, मी आजी. तुझं यंत्र खरं होतं. तू खरी होतीस. मी हरले होते, मला जिंकवलं गेलं. चहा पाजा म्हणून मी तुला हसले, ते परत घेता येत नाही, म्हणून घेत नाही. त्याचं ओझं माझ्याकडे राहू दे. तुझी आई खोटं बोलली. लिहिलंस का? आता हे लिही. काल सकाळीसुद्धा बोलली. तुला दिसत नाही असं तुला कोणी म्हणालं असेल, तर तू माझ्याकडे ये, मी सांगते तुला किती दिसतं ते. मी खिडकीत बसत नाही आता. लोकांच्या चिंध्या हातात घ्यायला मला तोंड नाही. मामा टाक्या थंड करायच्या म्हणतात. मी म्हटलं, महिनाभर थांबा. यंत्र माळ्यावर आहे असं तुझी आई सांगते. ते खरं असावं. ये."

एवढंच. "ते खरं असावं" लिहिताना मी थांबले, तेव्हा ती म्हणाली, "शाई संपली का?"

आई

१२ मार्च

भिंगरी,

काल तू येऊन गेलीस.

तू आजीला फोनवर सांगितलं होतंस की मी समोर नको. आजीने ते मला सांगितलं, गोड न करता. मी म्हणाले, मी घरी थांबते. मग घरी थांबवेना. मी तू यायच्या तासभर आधी गच्चीवर जाऊन बसले. हे तू सांगितलेलं मोडणं झालं का? मी समोर आले नाही. पण तुला माहीत असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणजे मोडलंच. सांगून टाकते.

ओल्या लडींच्या मागे बसून मला फक्त आवाज येत होते. तू जिना चढत नव्हतीस, तळमजल्यावरच होतीस. आधी काहीच नाही. मग आजीचं रडणं. ती माझ्यासमोर कधी रडलेली नाही, त्यामुळे मला आधी कळलंच नाही ते काय आहे. मग मामांनी माळ्यावरून यंत्र काढल्याचा आवाज, मावशींचं "जपून, जपून." मग खूप वेळ हळू बोलणं. मी एकही शब्द ऐकू शकले नाही आणि ऐकायचा प्रयत्न मात्र करत राहिले.

मग तू हसलीस. आजी काहीतरी म्हणाली आणि तू मोठ्याने हसलीस. दोन वर्षांत तो आवाज माझ्या कानातून गेला होता. मी लड तोंडात कोंबली. ओठाला निळा रंग लागला, तो अजून आहे.

तू गेल्यावर मी खाली उतरले. आजी टाकीच्या कडेला बसली होती.

"ती येतेय," आजी म्हणाली. "नोकरी सोडून. कारखाना ती बघणार. रंग यंत्र सांगेल, आणि शेवटचं बघायचं तिने आणि मी मिळून, डावा डोळा झाला की."

"बरं झालं."

"एक अट आहे तिची."

"कळली."

"ऐक तरी काय आहे ते."

"कळली, आई."

आजी माझ्याकडे बघत राहिली. दोन वेगवेगळ्या डोळ्यांनी, एक नवा आणि एक जुना. मला वाटलं ती म्हणेल, मी बोलते तिच्याशी, काढते समजूत. ती म्हणाली, "मला दोघी हव्या होत्या. पण ती म्हणते, आई खोलीत असली की मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही. यावर मी काय बोलणार? तू सांग."



आई

३० मार्च

प्रिय भिंगरी,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. मामांकडे देते, ते उद्या सकाळी तुला देतील. मी आता संध्याकाळी कारखान्यातून निघेन. यानंतर तू बोलावल्याशिवाय येणार नाही, आणि तू बोलवावंस म्हणून काही करणारही नाही. हे दुसरं वचन पहिल्याहून अवघड आहे, म्हणून लिहून ठेवते.

तिसऱ्या टाकीचा काटा चार अंश जास्त दाखवतो. मामांना ते पाठ आहे, पण मामा सुट्टीवर असतील तेव्हा लक्षात ठेव. पावडरींच्या डब्यांवर मी नव्या चिठ्ठ्या लावल्या आहेत. आजी डब्यांच्या झाकणावरचे खड्डे चाचपून रंग ओळखायची, त्यामुळे कुठल्या डब्यात काय, हे तुला कधीच कळलं नसतं. गच्चीच्या उजव्या दोरीवर निळं टांगू नकोस, तिथे दुपारी ऊन थेट येतं आणि रंग उडतो. मावशींना गुडघ्याचा त्रास आहे, पण त्यांना ते बोललेलं चालत नाही. खालीच काहीतरी काम काढ, आपणहून.

लोकरवाल्या बाईंचं, आपल्या जुन्या गिऱ्हाइकाचं, बरंच काम आहे. त्यांना सगळं सांगितलं. अकरा वर्षांचं. वाटलं होतं, उठून जातील. त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं रंग तुम्ही काढत होतात? चांगले होते हो." मी हो म्हणाले. पहिल्यांदाच कोणी मला ते म्हणालं, आणि मला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. त्यांना यापुढे तू भेटशील असं सांगितलं आहे.

मला शाळेच्या कचेरीत अर्ध्या दिवसाचं काम मिळालं आहे. ते तुला विचारायचं नसेल, पण आजी विचारील, म्हणून लिहिते. जेवते, झोपते. फार काळजी करण्यासारखं नाही. डायरी लिहिते आहे आणि जे घडलं तेच लिहिते आहे. अजून सवय व्हायची आहे.

तुला लहानपणी मी कडेवर घेऊन याच दारातून आत आणत असे. तुझे बाबा गेल्यावर दुसरी जागाच नव्हती तुला ठेवायला. तू टाकीच्या वाफेत झोपायचीस. तेव्हा मला वाटायचं, ही मोठी होईल, आणि मग इथे आम्ही दोघी असू. बाकीचं सगळं झालं.

आजीचा डावा डोळा पुढच्या आठवड्यात आहे. तिच्याबरोबर तू जा. पट्टी काढताना तिचा हात धर. ती झटकेल, तरी धर.

आणखी एक. काम करता करता ती मान वर न करता हाक मारते, "पोरी, बघ गं जरा." ती हाक मला असते. चाळीस वर्षांची सवय आहे, लगेच जायची नाही. ती तशी हाक मारील तेव्हा, आई इथे नाही असं तिला सांगू नकोस. नुसतं "ओ" दे, आणि जाऊन बघ.

आई